प्रश्न वाचकांचे : प्रवाळ मोजायला जायचंय

गेल्या अंकात एका चौकटीत एवढंच छापलं होतं : उष्ण कटिबंधातल्या प्रवाळ खडकांवर ज्या संशोधन मोहिमा चालतात, त्यांत शास्त्रज्ञ नसलेली माणसंही स्वयंसेवक म्हणून जाऊ शकतात. त्यावर पत्रं आली ती कोकणातून कमी आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडून जास्त. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोहिमेत स्वयंसेवकाला नेमकं काय काम देतात? कासवं, डॉल्फिन बघायला मिळतात का? (विद्यार्थिनी, चोपडा)

उत्तर : कासव दिसतं. पण ते शेजारून जात असताना तुमचं लक्ष टेपवरच्या 37.5 मीटरच्या खुणेवर असायला हवं. मोहिमेतलं काम म्हणजे मोजणी. रोज तीच, रोज त्याच पद्धतीनं.

पद्धती बऱ्याच आहेत. 1996 साली सुरू झालेली ‘रीफ चेक’ची पद्धत स्वयंसेवकांना जमेल अशीच बेतलेली आहे, म्हणून ती सांगतो. उथळ मोजणी 2 ते 6 मीटर खोलीवर आणि खोल मोजणी 6 ते 12 मीटरवर होते. खोली ठरली की तिथं 100 मीटरचा टेप अंथरतात. त्यात 20-20 मीटरचे चार तुकडे मोजायचे आणि दोन तुकड्यांमध्ये 5 मीटर सोडून द्यायचे. म्हणजे 0 ते 20, 25 ते 45, 50 ते 70 आणि 75 ते 95. चारही तुकडे एकमेकांपासून वेगळे नमुने धरता यावेत म्हणून मधली जागा सोडलेली असते. नवखा माणूस मोजण्याच्या नादात 20 वर थांबत नाही, 22-23 पर्यंत जातो, आणि मग पुढचे सगळे आकडे सरकतात.

टेप अंथरल्यावर 15 मिनिटं बाजूला थांबायचं, कारण माणसांच्या वर्दळीनं मासे बुजलेले असतात. मग पहिली जोडी मासे मोजते. टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि वर 5 मीटर एवढ्या पट्ट्यातले, तेही ठरलेले मासेच : फुलपाखरू मासे, तांब, पोपट मासे, हेकरू. पोपट मासा 20 सेंमीच्या वरचा आणि हेकरू 30 सेंमीच्या वरचा असेल तरच धरायचा. मासेमारी वाढली की आधी मोठे मासे नाहीसे होतात, म्हणून खरी खबर त्यांच्याकडूनच मिळते. मागून येणारी जोडी त्याच पट्ट्यातले शेवंड, समुद्रकाकड्या, सी अर्चिन, मोठे शिंपले आणि प्रवाळ खाणारा काटेरी मुकुटाचा तारामासा मोजते. शेवटची जोडी तळ बघते. दर अर्ध्या मीटरला टेपच्या बरोबर खाली काय आहे ते लिहायचं. एका तुकड्यात 40 बिंदू, चार तुकड्यांत 160.

ही शेवटची मोजणी सगळ्यांत सोपी वाटते आणि घोळ तिथंच होतो. मेलेलं प्रवाळ पांढरं असेल आणि त्याची नक्षी अजून स्पष्ट असेल, तर ते ‘नुकतंच मेलेलं’. शेवाळाची लव चढून नक्षी बुजली असेल, तर त्याची नोंद ‘खडक’ म्हणून. सुटा तुकडा अर्ध्या सेंमीपासून 15 सेंमीपर्यंत असेल तर ‘तुकडे’, त्याहून मोठा असेल तर पुन्हा ‘खडक’. वाळू की गाळ असा प्रश्न पडला तर हातानं हलकासा वारा घालायचा. लगेच खाली बसली ती वाळू, धुरासारखा तरंगत राहिला तो गाळ. टेप तळापासून उंच राहिला असेल तिथं ‘खाली काय’ हे नजरेनं ठरवायचं नाही. गवंडी ओळंबा सोडतो तसा दोरीला बांधलेला छोटा नट सोडायचा आणि तो जिथं टेकेल तेच लिहायचं. बिंदूच्या वीतभर बाजूला सुरेख जिवंत प्रवाळ असलं की हात आपोआप तेच लिहितो. अशा दहा-पंधरा बिंदूंनी पडीक खडक कागदावर निरोगी होऊन बसतो.

संध्याकाळी, पाण्याखाली ज्या पाटीवर आकडे लिहिले तिचा फोटो काढायचा, आकडे संगणकात भरायचे, जोडीदाराकडून तपासून घ्यायचे आणि मगच पाटी पुसायची. पेन्सिल मऊ शिशाची, दोन्ही टोकांना तासलेली आणि पाटीला दोरीनं बांधलेली असावी. पाण्याखाली सुटलेली पेन्सिल परत मिळत नाही. डॉल्फिनचं म्हणाल तर ते बहुधा बोटीतून जाता-येताना दिसतात. मोजणीत ते नसतात.

प्रश्न : धुळ्याजवळच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमची आठ-दहा जणांची तुकडी पुढेमागे अशा मोहिमेला जाणार आहे. इथं ना समुद्र, ना धड तलाव. काही सराव करता येईल का? (शिक्षक, धुळे तालुका)

उत्तर : बराचसा सराव कोरड्या जमिनीवरच होतो, आणि त्याचं सामान खानदेशात गावोगावच्या ठिबकच्या दुकानात मिळतं.

अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो घेऊन चौकट बनवा. आतली मोकळी जागा 50 बाय 50 सेंमी भरली पाहिजे. पाइप एल्बोमध्ये किती आत जातो ते आधी मोजून मगच कापा. चौकट 53 सेंमीची झाली तर क्षेत्रफळ बारा टक्क्यांनी वाढतं. चारही पाइपांना 10, 20, 30 आणि 40 सेंमीवर भोकं पाडून नायलॉनची दोरी उभी-आडवी ओवा. दोऱ्या एकमेकींना 16 ठिकाणी छेदतील. कोपऱ्यांजवळ आणखी दोन-दोन भोकं ठेवा, नाहीतर पाइपमध्ये हवा अडकते आणि चौकट पाण्यावर तरंगत बसते. सोल्युशन लावू नका, म्हणजे खोलून पिशवीत नेता येते.

ही चौकट मैदानात किंवा बांधावर टाका. प्रत्येक छेदाखाली माती, गवत, दगड की पालापाचोळा ते दोघांनी एकमेकांची वही न बघता लिहायचं आणि मग ताडून बघायचं. 16 पैकी 14 जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. फरक पडतो तो डोळ्यांमुळे नव्हे. ‘वाळलेलं गवत हे गवत धरायचं की पालापाचोळा’ हे आधी ठरलेलं नसतं, म्हणून पडतो. समुद्रातही भांडण याच जातीचं असतं. ते जमलं की फायबरचा 100 मीटरचा टेप कपाशीच्या शेतात आडवा टाकून 160 बिंदू पुरे करा. दीड तास वाकून मोजलं की कोणाचा धीर सुटतो तेही कळतं, आणि तेही आधीच कळलेलं बरं.

माशांच्या लांबीचा सराव मात्र पाण्यातच हवा. डोळ्यांवरच्या मास्कच्या काचेमागे हवा आणि पुढे पाणी असल्यामुळे पाण्याखाली सगळं जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं मोठं दिसतं. 30 सेंमीचा मासा 40 चा वाटतो. ठिबकच्या काळ्या नळीचे 10 ते 50 सेंमीचे वेगवेगळे तुकडे कापा, त्यांवर लांबी न लिहिता फक्त नंबर टाका आणि कोणत्या नंबराची किती लांबी याची यादी वर ठेवा. तुकड्यांना दगड बांधून तरणतलावात सोडा आणि प्रत्येकाला अंदाज लिहायला सांगा. चौथ्या-पाचव्या फेरीला अंदाज ताळ्यावर येतो.

आणि तीनशे माशांची नावं पाठ करत बसू नका. आधी कुळांची ठेवण ओळखायला शिका. पोपट माशाचं चोचीसारखं तोंड आणि हेकरूचा खाली लोंबणारा जबडा एकदा डोळ्यांत बसला की रंगांचा गोंधळ होत नाही.

प्रश्न : लहानपणी डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. वीस फुटांवरून उडी मारतो, तळाची माती काढून आणतो. मला पुन्हा पोहणं शिकायची गरज आहे का? (तरुण शेतकरी, शिरपूर तालुका)

उत्तर : खोल पाण्याची भीती नाही, ही तुमची मोठी जमेची बाजू. पण विहिरीतल्या तीन सवयी समुद्रात मोडाव्या लागतात.

पहिली, डोकं वर ठेवून पोहण्याची. स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावल्यावर चेहरा सतत पाण्यात हवा. डोकं वर काढलं की पाय खाली जातात आणि पायांखाली प्रवाळ असतं. पायात घालायच्या रबरी फिनचा एक फटका बसला तर कित्येक वर्षांत वाढलेली फांदी मोडते. दुसरी, गुडघ्यात पाय मुडपून आपटण्याची. फिन घातल्यावर मांडीपासून, गुडघा जवळपास सरळ ठेवून, सावकाश पाय हलवायचे. तिसरी सवय जिवावर बेतणारी आहे : छाती भरून श्वास कोंडून धरायचा. विहिरीत बुडी मारताना ते ठीक. पण सिलिंडर लावून 10 मीटरवर घेतलेला श्वास कोंडून वर आलात, तर दाब निम्मा होतो आणि फुप्फुसातली हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम हाच की श्वास कधीही रोखायचा नाही. स्नॉर्केलमधून श्वास घेतानाही तो सावकाश आणि खोल हवा. भराभर उथळ श्वास घेतला तर नळीतली वापरलेली हवाच पुन्हा आत जाते आणि दम लागतो.

स्कूबाच्या प्राथमिक कोर्ससाठी न थांबता 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं आधाराशिवाय तरंगणं अशी चाचणी असते. वेळेची अट नसते. दहा मीटर व्यासाच्या विहिरीत काठाकाठानं सात फेऱ्या म्हणजे साधारण 200 मीटर. तेवढं आरामात होत असेल तर चाचणीची काळजी नको. मास्क, स्नॉर्केल आणि फिनचा सराव मात्र जळगाव-धुळ्याच्या तरणतलावात, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली करा. बुडीआधी भराभर पंधरा-वीस श्वास घेऊन जास्त वेळ खाली राहायची पैज अजिबात लावू नका. त्यात माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होतो, आणि आधी काही जाणवतही नाही.

विहिरीत नसलेली एक गोष्ट समुद्रात असते : प्रवाह. दम शाबूत असताना आधी प्रवाहाविरुद्ध जायचं, म्हणजे परतताना तो बोटीकडे आणून सोडतो.

प्रश्न : वय 48. चष्मा उणे साडेतीनचा, रक्तदाबाची गोळी चालू, आणि मिशी ठेवतो. स्कूबा करून मोजणीत भाग घेता येईल का? (रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : मिशीपासून सुरुवात करू. मास्कची रबरी कड वरच्या ओठावर टेकते आणि मिशीच्या केसांतून पाणी झिरपतं. नाकाखालची तीन-चार मिलिमीटरची पट्टी भादरली किंवा तिथं पेट्रोलियम जेली लावली की भागतं. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकानं हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर तो तसाच चिकटून राहिला तर मापाचा. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. पांढऱ्या टूथपेस्टनं दोन-तीनदा घासून तो काढला नाही, तर प्रत्येक डाइव्हला काच धुरकट होते.

पाण्यात चष्मा चालत नाही, कारण काड्यांमुळे मास्क बसत नाही. नंबरच्या काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यानं तयार मिळतात. पाण्यात सगळं मोठंच दिसतं, त्यामुळे दोन नंबरांच्या मध्ये अडकलात तर कमी घ्या. तुमच्या वयाला खरी अडचण लांबची नसून जवळची असते : पाटीवरचं अक्षर दिसत नाही. काचेच्या खालच्या कडेला चिकटणारे वाचनाचे भिंग मिळतात. ते लावा आणि पाटीवर रकाने मोठे आखा.

रक्तदाबाचं डॉक्टर ठरवतील. कोर्सआधीच्या प्रश्नावलीत ठरावीक प्रश्नांपैकी एकालाही ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही लागते. दमा, फिट्स, हृदयविकार, फाटलेला कानाचा पडदा किंवा पूर्वी फुप्फुस आकसण्याचा त्रास झालेला असेल, तर बऱ्याचदा परवानगी मिळत नाही. ‘नाही’वर खूण करून निभावून नेणारे भेटतात, तो शहाणपणा 12 मीटरवर महागात पडतो.

कान : पहिल्या 10 मीटरांतच दाब दुप्पट होतो. त्यामुळे पाण्यात उतरल्याबरोबर, दर मीटरला, नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे ढकलायची. दुखायला लागण्याआधी. दुखलंच तर जोर न लावता थोडं वर यायचं. सर्दी असताना डाइव्ह नको, आणि नाक मोकळं करणारी गोळी घेऊन तर नकोच. तिचा असर खाली असताना उतरला की वर येताना कान अडकतो.

उंचीवर हवेचा दाब कमी होतो, म्हणून डाइव्हनंतर लगेच विमान नाही. एकच डाइव्ह झाली असेल तर किमान 12 तास, एकापेक्षा जास्त झाल्या असतील तर 18 तास. म्हणून मोहिमेचा शेवटचा दिवस आकडे भरायला ठेवतात. तुम्ही कोचीहून रेल्वेनं परतणार असाल तर ही चिंताच नाही, घाट लागेपर्यंत रात्र उलटलेली असते.

प्रश्न : मुलीची परदेशातल्या प्रवाळ मोहिमेसाठी ‘निवड’ झाली आहे. दोन आठवड्यांचे काही लाख रुपये मागतात. काम आपणच करायचं आणि पैसेही आपणच द्यायचे, हा काय प्रकार? फसवणूक तर नाही? (पालक, जळगाव)

उत्तर : पैसे मागितले म्हणजे फसवणूक, असं नाही. 1971 साली अमेरिकेत सुरू झालेली अर्थवॉच ही संस्था याच तत्त्वावर चालते : स्वयंसेवकाच्या वर्गणीतून संशोधनाचा खर्च निघतो. बोट, डिझेल, सिलिंडर, शास्त्रज्ञांचा मुक्काम, विमा यांत पैसा जातोच. पण याच नावाखाली निव्वळ सहली विकणारेही बरेच आहेत. दोघांतला फरक फोनवर कळत नाही, लेखी उत्तरांत कळतो. तुम्ही पत्र लिहा आणि विचारा.

मोजणीचे आकडे शेवटी कुठं जातात, हा सगळ्यांत कामाचा प्रश्न. मागच्या तीन वर्षांचे अहवाल किंवा शोधनिबंध दाखवायला सांगा. खरी मोहीम ते तासाभरात पाठवते. दुसरीकडून माशांचे फोटो येतात. त्या देशाचा संशोधन परवाना कोणाच्या नावावर आहे आणि कधीपर्यंतचा? प्रशिक्षण किती दिवसांचं, शेवटी ओळख-परीक्षा आहे का, आणि त्यात नापास झालेल्याचे आकडे वापरता का? ‘आमच्याकडे नापास कोणी होत नाही’ असं उत्तर आलं तर पुढचं विचारायची गरज नाही. बोटीवर ऑक्सिजन आहे का, सर्वांत जवळचं रिकम्प्रेशन चेंबर (डाइव्हरवर दाबाखाली उपचार करायची बंद खोली) कुठं आणि किती तासांवर? व्हिसा कोणता लागतो, आणि टूरिस्ट व्हिसावर हे काम चालतं का? मुलींची राहण्याची सोय वेगळी आहे का आणि रात्री जबाबदार कोण? विमा आपण काढायचा असेल तर पॉलिसी शेवटपर्यंत वाचा. नेहमीच्या प्रवास विम्यात बऱ्याचदा स्कूबा वगळलेला असतो.

जाहिरातीतला फोटोही बोलतो. देवमाशाएवढ्या व्हेल शार्कला कोणी हात लावलेला दिसला, कासवाला उचलून धरलेलं दिसलं, तर तिथं संशोधन चाललेलं नाही. व्हेल शार्कपासून 3 मीटर आणि शेपटीपासून 4 मीटर अंतर ठेवण्याचा नियम सर्वसाधारणपणे पाळतात. ओळख पटवायला स्पर्श लागतही नाही. कल्ल्यांमागच्या पांढऱ्या ठिपक्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असते, बोटांच्या ठशांसारखी. ती जुळवणारी संगणकीय पद्धत खगोलशास्त्रज्ञांच्या ताऱ्यांचे नकाशे जुळवण्याच्या पद्धतीवरून घेतली आहे. मांटा रे पोटावरच्या डागांवरून ओळखतात, कासव गालावरच्या खवल्यांवरून.

देशातही दारं आहेत. लक्षद्वीपमध्ये म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचं काम आहे, अंदमानात बंगळुरूच्या दक्षिण फाउंडेशनचं आणि मुंबईच्या रीफवॉचचं. जागा थोड्या असतात आणि पंधरा दिवसांसाठी येणाऱ्यापेक्षा दोन-तीन महिने राहणारा माणूस त्यांना जास्त उपयोगाचा. हातात सुटी आहे पण पैसा नाही, अशा पदवीधर मुलीनं आधी इकडे अर्ज करावा, असं आमचं मत.

प्रश्न : लक्षद्वीपला जायला परवाना लागतो म्हणतात. आणि आम्ही शाकाहारी. तिथं खायचं काय? (फैजपूर)

उत्तर : परवाना लागतो, भारतीयांनाही. लक्षद्वीप प्रशासनाकडे अर्ज करायचा, सोबत पोलिसांचा चारित्र्य दाखला. संशोधनाची परवानगी वेगळी असते आणि ती संस्थेनं काढायची असते. पर्यटनाच्या परवान्यावर मोजणी करायला नेत असतील तर जाऊ नका. जहाज कोचीहून सुटतं, विमान अगत्तीला उतरतं. कोचीपर्यंतची सोय तुमच्याकडे घरचीच : मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस भुसावळ-जळगाववरून थेट एर्नाकुलमला जाते, सव्वा ते दीड दिवसात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचाच काळ धरा.

बेटांवर भात, नारळ आणि टुना मासा. भाज्या मुख्य भूमीवरून येतात आणि जहाज चुकलं की संपतात. दशम्या तीन-चार दिवस टिकतात. त्यानंतरसाठी शेंगदाण्याची चटणी, खाकरे, डाळ्या आणि डाळ-तांदळाचं मिश्रण न्या. उडदाचे पापड दमट हवेत दोन दिवसांत नरम पडतात, तेव्हा हवाबंद डब्यातच. आणि बोटीवर चढायच्या सकाळी शेवभाजी नको. कोरडं, थोडं खा. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही.

प्रश्न : ‘आमनाकडे समुद्र नही, पन माले दखनं शे.’ पोहता येत नाही, पैसाही फार नाही. माझ्यासारख्याला काही मार्ग आहे का? (नंदुरबार)

उत्तर : शे ना! प्रवाळ बघायला पोहावंच लागतं असं नाही. गुजरातेत जामनगरजवळ कच्छच्या आखातात सागरी अभयारण्य (1980) आणि सागरी राष्ट्रीय उद्यान (1982) आहे. तिथल्या नरारा इथं ओहोटीला समुद्र मागे हटतो आणि प्रवाळ खडकावर चालत जाता येतं. तुमच्याकडून ताप्ती लाइननं सुरत, तिथून जामनगर.

वनखात्याची परवानगी घ्या आणि वाटाड्या बरोबर घ्या. दिवस निवडताना पंचांग बघा : अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हाच ओहोटीही सगळ्यांत दूर जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा खडक फारसा उघडा पडत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा कोकणातला ठोकताळा आखातात जसाच्या तसा लागत नाही. तिथलं भरती-ओहोटीचं छापील कोष्टक घ्या. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी आत शिरा आणि पाणी फिरल्याबरोबर परता. आखातात पाणी वेगानं चढतं आणि मागच्या सखल घळी आधी भरतात, म्हणजे पुढे कोरडं दिसत असतानाच परतीची वाट बंद होते.

पायात जाड तळव्याचे, नाडीचे जुने बूट. चप्पल चिखलात रुतून राहते. पाय वाळूवर किंवा उघड्या दगडावरच ठेवा, वाळूत पाय घासत चाला म्हणजे पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जातो. उलटलेला दगड होता तसा पुन्हा ठेवा, त्याच्या खालच्या बाजूला बिऱ्हाड असतं. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख जिवंत असेल तर उचलू नका. त्यातल्या काही जातींचा दंश माणसाला मारतो. खरचटलं तर जखम गोड्या पाण्यानं आणि ब्रशनं घासून साफ करा, प्रवाळाचा कण आत राहिला की ती चिघळते. माशाचा विषारी काटा लागला तर सोसेल इतक्या, पण 45 अंशांच्या वर नाही, अशा गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

हीसुद्धा मोहीमच. जे दिसेल त्याचा फोटो तारीख, वेळ आणि ठिकाणासह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला की ती नोंद अभ्यासकांना वापरता येते.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो, तरी आम्ही केळी जगवतो. समुद्राचं पाणी 31-32 अंश झालं की प्रवाळ पांढरं पडतं म्हणतात. एवढ्यात काय मरायला होतं? (केळी उत्पादक, रावेर)

उत्तर : केळीला थंडीचा चरका बसतो तो पारा शून्यावर गेल्यामुळे नाही, तिला सोसेल त्यापेक्षा खाली गेल्यामुळे. प्रवाळाचंही तेच. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न आणि रंग देतं. तिथल्या सगळ्यांत उष्ण महिन्याच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंशानं तापलं आणि तसंच राहिलं, की शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणात बिघाड होऊन घातक ऑक्सिजन तयार होतो. प्रवाळ मग शैवालालाच बाहेर काढतं. उरतो पारदर्शक जीव आणि आतला पांढरा सांगाडा. तो मेलेला नसतो, उपाशी असतो. आठ-पंधरा दिवसांत पाणी निवलं तर सावरतो.

हिशेब असा : एक अंश जास्त, एक आठवडा, म्हणजे एक एकक. बारा आठवड्यांत अशी 4 एककं साठली की पांढरं पडणं दिसू लागतं, 8 झाली की मोठ्या प्रमाणावर मरतं. 1998, 2010 आणि 2016 मध्ये लक्षद्वीपनं हे सोसलं. जगभरातली अशी चौथी लाट चालू असल्याचं एप्रिल 2024 मध्ये जाहीर झालं.

स्वयंसेवक इथं रंगाचा तक्ता वापरतात. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या ‘कोरलवॉच’नं 2002 पासून तो चालवला आहे. रंगाच्या चार पट्ट्या, प्रत्येकीत 1 ते 6 छटा. एका प्रवाळाचा सगळ्यांत फिका आणि सगळ्यांत गडद भाग तक्त्याशी लावून दोन आकडे लिहायचे. एका फेरीत किमान 20 प्रवाळं. फांदीची टोकं सोडून द्यायची, वाढतं टोक निरोगी असतानाही पांढरंच असतं. फोटोवरून नंतर रंग ठरवू म्हणणाऱ्याचे आकडे वाया जातात. पाण्यात लाल रंग आधी विरतो आणि फोटो निळा पडतो. तक्ता मात्र प्रवाळाशेजारी त्याच उजेडात धरलेला असतो.

प्रश्न : महाविद्यालयाच्या संग्रहालयासाठी मोहिमेतून प्रवाळाचा एखादा मेलेला तुकडा आणता येईल का? (प्रयोगशाळा सहायक, अमळनेर)

उत्तर : नाही. कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मेलेला, किनाऱ्यावर वाहून आलेला, दुकानातून विकत घेतलेला, कुठलाच तुकडा चालत नाही. विमानतळावर सामानात तो क्ष-किरणांत स्वच्छ दिसतो. समुद्रकाकडीचंही तसंच.

विद्यार्थ्यांना प्राचीन समुद्राची खूण दाखवायची असेल तर सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यातल्या बाग परिसरात सहल न्या. क्रिटेशस काळात, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या युगात, समुद्र तिथवर आत आला होता आणि त्याचा चुनखडक उघडा पडलेला दिसतो. त्यातल्या एका थराला भूगर्भशास्त्रात ‘कोरलाइन लाइमस्टोन’ म्हणतात. भिंगातून बघायला सांगा : नाव प्रवाळाचं असलं तरी आत आहेत ते मुख्यतः ब्रायोझोआ, म्हणजे वसाहत करून राहणारे वेगळेच बारीक जलचर. हातोडी मात्र घरी ठेवून या.